नर्सिंग शिकताय? मग थोडं गड चढायलाही शिका

(हा आमच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. बसमध्ये इयरफोन नसतील त्यांनी वाचून घ्या.)

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका श्रोतीने लिहिलं होतं, "ताई, आम्ही पोस्टिंगला दिवसभर उभ्याच असतो. मोबाईलमध्ये रोज दहा-बारा हजार पावलं दिसतात. मग आम्हाला वेगळा व्यायाम कशाला हवा? आणि हवाच असेल तर करायचा कधी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी स्वतः नर्स आहे, सध्या पुण्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना क्लिनिकल शिकवते, आणि हा प्रश्न मला दर बॅचमध्ये ऐकू येतो. कधी विचारणारीचा आवाज चिडका असतो, कधी रडवेला. म्हणून आज नीट बोलूया. आधी पावलांचं, मग दमाचं आणि पाठीचं, आणि मग माझ्या आवडीचा भाग, म्हणजे वर्गाच्या बाहेर नेऊन नर्सिंग कसं शिकवता येतं.

पावलं मोजली म्हणजे व्यायाम झाला का?

नाही. आणि हे मी आळशीपणावर भाषण द्यायचं म्हणून सांगत नाहीये. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात एक लाखाहून जास्त लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी होता, पण कामाच्या ठिकाणी जास्त शारीरिक श्रम करणाऱ्यांना तो धोका उलट जास्त होता. हालचाल तीच, परिणाम उलटा. याला शास्त्रज्ञ शारीरिक हालचालीचा विरोधाभास म्हणतात.

असं का होत असावं? तुमची स्वतःची ड्युटी आठवा. बेड नंबर एक ते बेड नंबर तीस, औषधाची ट्रॉली, मध्येच लॅबला सॅम्पल, परत ट्रॉली. चालणं भरपूर, पण संथ. हृदयाचे ठोके असे कधी वाढतच नाहीत की हृदयाला कसरत व्हावी. त्यात तासन्‌तास उभं राहणं, वाकून ड्रेसिंग करणं, बसायला मिळालं तर नशीब, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. शरीर थकतं, पण घडत नाही. व्यायामात उलट असतं. थोडा वेळ जोर लावायचा आणि मग शरीराला सावरायला पुरेसा वेळ द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं माप सोपं आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम. मध्यम म्हणजे किती? तुम्हाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. वॉर्डमध्ये चालताना तुम्ही आरामात गाणं म्हणू शकता. (म्हणू नका, इन्चार्ज सिस्टर आहेत.)

दोन मिनिटं, दोनशे वेळा

आता हे सगळं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा जास्त का लागू होतं? कारण आपल्या दमावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. हे वाक्य फिल्मी वाटेल, म्हणून आकड्यात सांगते.

सीपीआरमध्ये मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दाबायची, ६ च्या वर जायचं नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. म्हणजे एका पाळीत तुम्ही २०० ते २४० वेळा छाती दाबता, प्रत्येक वेळी पूर्ण खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांचा नियम का आला माहितीये? कारण साधारण एका मिनिटानंतरच दाब उथळ व्हायला लागतो, आणि करणाऱ्याला ते कळत नाही. त्याला वाटतं, मी मस्त दाबतोय. आतून मात्र मेंदूकडे जाणारं रक्त कमी झालेलं असतं.

आमच्या स्किल लॅबमध्ये मी हे विद्यार्थ्यांना पुतळ्यावर करून दाखवायला लावते. पहिल्या तीस दाबांना सगळे वाघ. चाळीस सेकंदांनी कोपर वाकायला लागतं. सव्वा मिनिटाला श्वासाचा आवाज मागच्या बाकापर्यंत येतो. परीक्षेत तीस दाब दाखवून सुटका होते, वॉर्डमध्ये होत नाही. रात्री अडीचला पेशंट कोलॅप्स झाला आणि वॉर्डमध्ये तुम्ही, एक ब्रदर आणि एक मावशी इतकेच असाल, तर तुमची पाळी दर दोन मिनिटांनी परत येते. अशी वीस-पंचवीस मिनिटं जाऊ शकतात.

तंत्राने बरंच काम हलकं होतं. फूटस्टूलवर उभं राहायचं, खांदे हातांच्या बरोबर वर, कोपर सरळ, जोर दंडातून नाही तर कमरेतून. लहान चणीच्या मुलीसुद्धा असं उत्तम सीपीआर देतात, मी पाहिलंय. पण तंत्र टिकवून धरायला पोट, पाठ आणि मांड्यांमध्ये ताकद लागते. ती वाचून येत नाही.

दुसरी गोष्ट पाठ. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी नियॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या गणितानुसार पेशंटला हाताने उचलायचं तर एका माणसावर ३५ पौंडांपेक्षा जास्त भार येऊ नये. ३५ पौंड म्हणजे साधारण १६ किलो, आपल्या भाषेत सोळा लिटर पाणी भरलेली बादली. खोकं उचलायला हीच मर्यादा २३ किलो आहे, पण पेशंट खोकं नसतो. तो घसरतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो, त्याला सलाईन आणि कॅथेटर लावलेलं असतं. आता सांगा, सत्तर किलोचे आजोबा बेडवरून ट्रॉलीवर घेताना तुमच्या वाट्याला किती बादल्या येतात?

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे, आणि ती सगळ्यांना आवडेलच असं नाही. 'नर्सने फिट राहावं' हे वाक्य फार सहज वापरलं जातं. वॉर्डमध्ये माणसं कमी, स्लाइड शीट नाही, बेडची उंची बदलणारा हँडल तुटलेला, आणि पाठ धरली की म्हणायचं, "तू व्यायाम करत नाहीस." हे चूक आहे. फक्त वाकण्या-उचलण्याचं ट्रेनिंग देऊन पाठीच्या दुखापती फारशा कमी होत नाहीत, साधनं आणि पुरेशी माणसंही लागतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून व्यायाम करा, पण सोबतीला दुसरी सिस्टर मागायला लाजू नका. ड्रॉ शीट मागा. बेड कमरेच्या उंचीवर घ्या. पेशंटला "काका, तीन म्हटल्यावर पाय रेटा" असं सांगून त्याचीही मदत घ्या. एकटीने उचलून दाखवण्यात काही शौर्य नाही.

आधी हिमोग्लोबिन बघा

हा भाग छोटा आहे पण कृपया पुढे ढकलू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपण हा आकडा कम्युनिटीच्या पेपरात लिहितो आणि विसरतो. अहो, त्या ५७ टक्क्यांत आपणही आहोत! हॉस्टेलचा पोहे-चहाचा नाश्ता, मेसची पातळ डाळ, पाळीत जाणारं रक्त. दोन जिने चढून धाप लागते त्याला मुली 'स्टॅमिना नाही' म्हणतात, आणि निघतं हिमोग्लोबिन नऊ.

म्हणून आमच्या गटात पहिला नियम हाच: धावायचं नंतर, आधी रक्त तपासायचं. गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. कमी असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, लोहाच्या गोळ्या सांगतील तितके महिने पूर्ण घ्यायच्या, जेवणाबरोबर चहा बंद, वरून लिंबू पिळायचं. ज्यांचं फारच कमी असतं त्यांना आम्ही चढायला नेत नाही, पायथ्याच्या कामात घेतो. काही महिन्यांनी त्याच मुली सगळ्यांच्या पुढे चालताना दिसतात.

हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधला व्यायाम

जिम नाही, पैसे नाहीत, गेट सातला बंद. ठीक आहे. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं काढा. खुर्चीवर बसून उठल्यासारख्या उठाबशा. पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर वर उचलणं. कोपरांवर शरीर तोलून धरणं, म्हणजे प्लँक, सुरुवातीला वीस सेकंद. भिंतीवर किंवा पलंगाच्या कडेवर हात टेकून जोर. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम. आणि माझा लाडका प्रकार: दोन हातांत दोन अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन, खांदे मागे, पोट आत, कॉरिडॉरमध्ये चालायचं. पाणी सांडलं नाही पाहिजे. पकड, खांदे, पोट, सगळं एकदम कामाला लागतं, आणि शेवटी ते पाणी आंघोळीला वापरता येतं.

नाइट ड्युटी असेल त्या आठवड्यात जोरदार व्यायाम सकाळी घरी आल्यावर करू नका. आधी झोप. उठल्यावर, ड्युटीच्या आधी संध्याकाळी चाला किंवा थोडा व्यायाम करा. आणि नाइट संपवून थेट ट्रेकला जायचं हे तर अजिबात नाही. आमच्याकडे नियम आहे, मध्ये एक पूर्ण झोप झालीच पाहिजे. गाडी चालवणाऱ्यासाठी तर दुप्पट कडक.

गड म्हणजे मोठी स्किल लॅब

आता मूळ मुद्दा. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपासून सुरुवात करता येते. पहाटे पाच-साडेपाचला तिथे अख्खं पुणं असतं, कुणी तुमच्याकडे बघत नाही. दोन-तीन आठवडे पर्वती जमली की सिंहगड. आतकरवाडीकडून चढायचं. गडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर. रोज चढणारे काका-काकू आपल्याला सहज मागे टाकतात, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहेच, आणि खरं सांगते, अर्ध्या मुली पहिल्यांदा त्याच्यासाठीच येतात. येऊ देत.

पण आम्ही नुसतं चढत नाही. पायथ्याला प्रत्येकीने स्वतःची नाडी आणि श्वास मोजून वहीत लिहायचा. अर्ध्या वाटेवर परत. वर पोचल्या पोचल्या परत, आणि मग एक मिनिट बसून परत. वयाच्या विसाव्या वर्षी हृदयाचे जास्तीत जास्त ठोके ढोबळमानाने २२० वजा २०, म्हणजे २००. मध्यम व्यायामात ते साधारण १२८ ते १५२ च्या मध्ये राहतात. थांबल्यावर एका मिनिटात किती खाली येतात ते बघायचं. दोन महिन्यांनी तोच चढ, तीच वही. टीपीआर चार्ट भरायचा कंटाळा करणाऱ्या मुली स्वतःचा आलेख मात्र मन लावून काढतात. आणि एक फायदा अनपेक्षित होता: धापा टाकणाऱ्या मैत्रिणीचे श्वास मोजल्यावर ३४ म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं. मग वॉर्डमध्ये न मोजता 'श्वसन २०' लिहायला हात धजत नाही.

मग ट्रायाजचा खेळ. ट्रायाज म्हणजे खूप जखमी असताना आधी कुणाकडे बघायचं ते ठरवणं. वर सपाट जागा बघून दहा-बारा जणी चिठ्ठ्या घेऊन इकडे-तिकडे पडतात. चिठ्ठीत लिहिलेलं असतं: श्वास ३६, किंवा चालू शकते पण रडतेय, किंवा श्वास नाही. बाकीच्या दोघी-दोघींनी प्रत्येकीला साधारण अर्ध्या मिनिटात रंग द्यायचा. स्टार्ट नावाची पद्धत आहे, १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेली. उठून चालू शकतो तो हिरवा. श्वास नसेल तर मान मागे करून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरी श्वास नाही, तर काळा. त्याने श्वास सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा मनगटाची नाडी लागत नाही, लाल. 'माझा हात दाबा' म्हटल्यावर दाबत नाही, तोही लाल. उरलेले पिवळे.

वर्गात हे पाठ करायला दहा मिनिटं लागतात. उन्हात, दमलेल्या अवस्थेत, एक जण जोरजोरात ओरडतेय आणि दुसरी झुडपामागे गप्प पडलीय अशा वेळी काय होतं? सगळ्या धावतात ओरडणारीकडे. दरवेळी! गप्प असलेली लाल चिठ्ठीवाली मागे राहते. खेळ संपल्यावर तिने झुडपामागून उठून, "मी मेले बरं का, कुणी आलंच नाही," असं म्हटलं की सगळ्या हसतात, आणि नंतर जरा वेळ कुणीच बोलत नाही. कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून आवाज करणारा नातेवाईक आणि कोपऱ्यातल्या व्हीलचेअरवर शांत बसलेला घामाघूम माणूस यांतला फरक मी पन्नास स्लाइड दाखवून शिकवू शकले नसते.

उतरताना स्ट्रेचर. दोन मजबूत बांबू, एक जाड चादर किंवा घोंगडी. चादर बांबूंवर दोनदा दुमडायची, माणसाच्या वजनानेच ती घट्ट धरली जाते. आधी रिकामं, मग सॅक ठेवून, आणि मगच एका मैत्रिणीला झोपवून शंभरेक मीटर सपाटीवर न्यायचं. चौघी उचलणार, एक पुढे वाट सांगणार, एक डोक्याजवळ पेशंटशी बोलत राहणार. सपाटीवर आणि उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे. पंचावन्न किलोची मैत्रीण शंभर मीटरवर किती जड होते ते कळल्यावर अदलाबदल का ठरवून करायची हेही कळतं. जी झोपते तिला वेगळाच धडा मिळतो: आकाशाकडे तोंड करून, दुसऱ्यांच्या हातात, पुढचं काही दिसत नसताना जाणं किती भीतीचं असतं. माझी एक विद्यार्थिनी आता ऑपरेशन थिएटरकडे ट्रॉली नेताना प्रत्येक वळणाआधी पेशंटला सांगते, "आता डावीकडे वळतोय, थोडा धक्का बसेल." हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

साप, विंचू, मधमाश्या

गडावर हे प्रश्न आपोआप निघतात, म्हणून तिथेच शिकवते. महाराष्ट्रात लक्षात ठेवायचे विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन या चारांवर चालतं. काय करायचं? माणसाला शांत ठेवायचं, चावलेला अवयव फळी लावून स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा. घट्ट दोरी नाही, चिरा नाही, तोंडाने चोखणं नाही. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही. मण्यारीबद्दल मुद्दाम सांगते. ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला आणि पापण्या मिटत चाललेला पेशंट दिसला तर मण्यार आठवली पाहिजे.

दवाखान्यात एक साधी चाचणी असते, वीस मिनिटांची. दोन मिलीलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग वाकवून बघायचं. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचा संशय. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर चाचणी फसवते. ही नळी शोधून ठेवणं कुणाचं काम? आपलं.

विंचवाचं नाव निघालं की मी डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगते. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना पाहिली, रात्र-रात्र पेशंटजवळ बसून नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला या गोष्टीत औषधापेक्षा त्या नोंदी जास्त महत्त्वाच्या वाटतात. नाडी, रक्तदाब, घाम, वेळ. म्हणजे आपण रोज जे लिहितो तेच.

मधमाश्यांचं थोडक्यात. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर आरडाओरडा नाही, धूर नाही, भडक अत्तर नाही. उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं. नांगी लवकरात लवकर काढायची, कशी काढली यापेक्षा किती पटकन हे महत्त्वाचं. ओठ सुजले, श्वासाला घरघर आली, चक्कर आली तर ती ॲनाफिलॅक्सिस. त्यावर पहिलं औषध मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, म्हणून वाट न बघता दवाखाना.

"पोरीला नर्स करायला पाठवलंय"

हे सगळं गोड वाटतं, पण सुरू करणं सोपं नव्हतं. ज्या कॉलेजमध्ये आम्ही सुरुवात केली तिथे पहिल्या वर्षी परवानगी दोनदा नाकारली गेली. कारणं तीच: मुलींची जबाबदारी कोण घेणार, हॉस्टेलचं गेट, अभ्यासाचं नुकसान. एका वडिलांनी ऑफिसमध्ये येऊन मला सरळ विचारलं, "मॅडम, पोरीला नर्स करायला पाठवलंय, डोंगर चढायला नाय. काय झालं तर?"

त्या 'काय झालं तर'ला मी हसले नाही. गावाकडून कर्ज काढून पोरीला शिकवणाऱ्या बापाचा तो प्रश्न खरा होता. मी त्यांना आमचा कागद दाखवला. बरोबर दोन शिक्षक, त्यातली एक बाई. प्रत्येकीची तब्येतीची नोंद, दमा आहे का, फिट येते का. दर थांब्यावर मोजणी. पावसाळ्यात धबधबा आणि कड्याची कड बंद, रीलसाठी तर पूर्ण बंद. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली. प्रथमोपचाराची पेटी, सॅनिटरी पॅड, ओआरएस. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि म्हणाले, "ही आमच्या गावात आली तर असंच करील का?" मी म्हटलं, त्यासाठीच नेतोय. त्यांनी सही केली.

मी त्यांना सावित्रीबाईंचीही आठवण करून दिली होती. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याबाहेरच्या वस्तीतल्या आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. वय ६६. त्याच साथीने त्यांचा १० मार्चला मृत्यू झाला. त्यांचं शिक्षणाचं काम आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पेशंटला पाठीवर घेऊन चालत गेलेली ही बाई आपल्या पेशाची पूर्वज आहे, हे मात्र नर्सिंगच्या वर्गात क्वचित ऐकायला मिळतं.

तुमच्या कॉलेजात सुरू करायचं असेल तर दोन दारं आहेत. एक, एसएनए, म्हणजे स्टुडंट नर्सेस असोसिएशन. १९२९ पासून आहे, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या छत्राखाली. वर्षातून एकदा रांगोळी आणि संगीत खुर्ची घेण्यापेक्षा तिच्या कार्यक्रमांत हे घाला. दुसरं, राष्ट्रीय सेवा योजना. तिथे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतंच. प्राचार्यांना नवीन परवानगी मागण्यापेक्षा आधीच मंजूर असलेल्या तासांत हे बसवणं सोपं जातं.

आणि गडच हवा असं काही नाही. कम्युनिटी पोस्टिंगला गावात गेलात की आशाताईंबरोबर गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जा आणि दिसेल ते नकाशावर मांडा: विहीर, हातपंप, गटार, उकिरडा, अंगणवाडी, दारूचं दुकान. मैदानी भागात एका उपकेंद्राकडे साधारण ५००० लोक, आदिवासी भागात ३०००. ते आकडे पायाखालून गेले की मग कळतं, एएनएम ताई लसीची पेटी घेऊन दिवसाला किती चालते. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून फारशा न शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, ते अशाच गावात, लोकांच्या घरी जाऊन.

शेवटी आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं. एक, पाळीत चढावं का? बरं वाटत असेल तर खुशाल, दुखत असेल तर नाही, आणि कारण विचारलं जाणार नाही. दुसरा एका ब्रदरचा: "आमच्या बॅचमध्ये आम्ही मुलं चारच, स्ट्रेचर आम्हीच उचलायचं का?" नाही रे दादा. तूही एकदा स्ट्रेचरवर झोप, पोरी उचलतील.